हॉलच्या फळ्यांना काय लावायचं?

"दादा, हॉलच्या फळ्यांना काय लावायचं ठरवलंस?"

हे मी दादाला विचारलं होतं. त्यानं सांगितलं नाही. मग बाबालालला विचारलं, वहिनीला विचारलं, दादाच्या दोस्तांना विचारलं. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनाही विचारून झालं. त्या म्हणाल्या, "मला कसं ठाऊक असणार?" बरोबर आहे. पण कुणाला तरी ठाऊक असायला पाहिजे होतं.

सुतारकामाच्या दुकानात किस्से भुशासारखे साठतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा पायाखाली आहेतच. दादा गेल्यापासून घरी जो भेटायला येतो, तो दारात रडतो, चहा येईपर्यंत डोळे पुसत बसतो आणि कप खाली ठेवला की म्हणतो, "वसंताचं एकदा काय झालं म्हाइत हाय का?" पुढं जे सांगतो ते फिरून फिरून चिकटवण्याचंच असतं. वहिनी आतून ऐकते. परवा मला म्हणाली, "भावजी, तुम्हीच एकदा सगळं सांगून टाका. परक्याच्या तोंडनं मीठ जास्त पडतंय."

म्हणून सांगतो.

*

आमचं दुकान लक्ष्मीपुरीत. दुकानात आम्ही तिघं. थोरला भाऊ वसंत, म्हणजे दादा. मी धाकटा, दत्ता. आणि बाबालाल. तो वडलांच्या वेळेपासूनचा. पॉलिशचं काम त्याचं आणि बोलायचं कामही त्याचंच.

आम्ही व्हिनियरचं काम करतो. व्हिनियर म्हणजे सागवानाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. साध्या लाकडावर तो चिकटवला की सगळं कपाट सागवानी दिसतं. पण हवा दमट झाली की पापुद्रा सुटतो, मध्येच फुगतो, कडेनं वर येतो. मग लोक आमच्याकडं येतात.

चिकटवायला तीन वस्तू. एक सरस. तो जनावराच्या कातड्याचा, हाडांचा. वड्या भिजत घालायच्या, भांड्यात भांडं ठेवून शिजवायच्या आणि गरम गरम लावायचा. दुसरं डब्यातलं पांढरं, दह्यासारखं. त्याला वास नाही, पण ते वाळेपर्यंत वर वजन ठेवून गप्प बसावं लागतं. तिसरं रबराचं सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावायचं, सुकू द्यायचं, आणि एकदा टेकवलं की मग देव आला तरी हलत नाही.

बाबालाल सरसाचा माणूस. मी सोल्युशनचा. गप्प बसणं मला कधी जमलं नाही, शाळासुद्धा त्यातच गेली. दादा कुणाच्याच बाजूचा नव्हता. तो म्हणायचा, "आधी लाकूड बघू की!"

तर, सरस. आमच्या शेजारी खानावळ होती. एकदा भर दुपारी सरस शिजत होता. शाहूवाडीकडचे एक पावणं वास घेत घेत आले, खानावळ ओलांडून सरळ आमच्या दुकानात शिरले आणि पाटावर मांडी घालून बसले.

"काय शिजलंय?" त्यांनी विचारलं.

दादा रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "पाय हाईत."

"व्हय? वाढा की मग एक ताट."

"वाढतो," दादा म्हणाला. "पण पावणं, एकदा खाल्लं की तोंड उघडायचं न्हाय बघा!"

पावण्यांनी भांड्यात डोकावून बघितलं आणि उठले. दारातून वळून म्हणाले, "आमच्याकडं पण असाच रस्सा करत्यात. फक्त मीठ घालत्यात."

*

पांढरा डबा आला तेव्हा आमच्याकडं लाकूड आवळून धरायचे शिकंजे कमी होते. वजन काय ठेवायचं? पहिल्यांदा जातं ठेवलं. मग विहिरीवरचा दगड. तरी कपाटाच्या दाराचा मधला भाग फुगलेलाच. दादा दारात उभा राहून विचार करत होता, आणि समोरून तालमीतनं मारुती पैलवान चालला होता.

"मारुती, दूध घेणार काय?" दादानं विचारलं.

पैलवान दुधाला नाही म्हणत नाही. लोटाभर दूध प्याला आणि दादा सांगेल तिथं आडवा झाला. म्हणजे पाटलांच्या कपाटाच्या दारावर. दुपारची वेळ, पोटात दूध, मेहनत करून आलेला. घोरायला लागला.

तो एका जागी घोरला असता तर काही झालं नसतं. तो झोपेत कुशीवर वळला. कडेनं पांढरं बाहेर आलं होतं, त्यावर त्याची चड्डी टेकली आणि तशीच वाळली.

संध्याकाळी पैलवान उठला. दारही उठलं!

तो तसाच रस्त्याकडं चालायला लागला. बाबालाल हसत भिंतीला धरून बसला. मी पटाशी घेऊन धावलो, ते बघून पैलवान जास्तच जोरात चालला. दादानं मात्र आवाज चढवला नाही.

"मारुती," तो म्हणाला, "जा बाबा तू. पण दार ठेवून जा, ते पाटलांचं हाय."

*

एक गुरुजी होते, त्यांचा रेडिओ होता. पेटीचा पापुद्रा कोपऱ्यात सुटला होता. त्या दिवशी दादा बाजारात लाकूड बघायला गेलता... म्हणजे गेला होता. मी बोलतो तसं लिहायला लागलो की असं होतं. दुकानात सरस संपलेला. पांढरं काढायला बाबालाल तयार नाही. "ते दूध माझ्या हातानं मी लावणार न्हाय," म्हणाला. त्यानं घरून मैद्याची खळ शिजवून आणली आणि रेडिओ चिकटवून दिला. पॉलिश असं केलं की गुरुजींना त्यात तोंड दिसलं.

चार-सहा दिवसांनी गुरुजी आले.

"बाबालाल, रेडिओला मुंग्या लागल्या आहेत. भिंतीवरून ओळीनं येतात आणि पेटीत जातात."

खळीत मैदा, मैद्याला मुंग्या. हे बाबालालला कळलं. पण कबूल करील तो बाबालाल कसला!

"गुरुजी, कुठलं स्टेशन लावताय?"

"सकाळी गाणी ऐकतो."

"तेच की! गोड हाय ते. बातम्या लावून बघा."

गुरुजी शिकलेले माणूस, पण सज्जन. घरी गेले. आठवड्यानं सांगायला आले, "जरा फरक वाटतोय."

दादाला हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. गुरुजी शाळेत असताना त्यांच्या घरी गेला, पापुद्रा सोडवला, खळ खरवडली, नीट चिकटवून दिला. मुंग्या गेल्या. गुरुजी मात्र आजही सकाळी बातम्याच ऐकतात. दादाच्या वेळी भेटायला आले तेव्हा म्हणाले, "गाणी सोडली ती सोडलीच बघ, दत्ता. पण पेटी अजून शाबूत आहे."

*

आता सोल्युशनचा एक, म्हणजे माझा.

पेठ वडगावला एक वकील होते. त्यांच्या टेबलावर नवा पापुद्रा बसवायचा होता. दादा म्हणाला, "मी येईस्तोवर थांब. मधी वर्तमानपत्राचा कागद घालू, सरळ धरू, मग हळूहळू कागद ओढू." रीत तशीच आहे. सोल्युशन एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मध्ये कागद.

दादा चहा सांगायला गेला. सोल्युशन सुकलं होतं. मी टेकवला.

दादा चहा घेऊन आला. बघितलं. पापुद्र्याच्या रेषा टेबलाच्या कडेबरोबर नव्हत्या. चांगल्या दोन बोटं तिरक्या गेल्या होत्या. त्यानं कप माझ्या हातात दिला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली.

तेवढ्यात वकीलसाहेब आले. "झालं?"

"झालं की," दादा म्हणाला. "फक्त साहेब, तुमची खुर्ची चुकीच्या जागी हाय. जरा डावीकडं घ्या. अजून. आता बसा. दिसतंय का सरळ?"

वकील बसले. मान हलवली. "अगदी सरळ!"

पुढं मी एकदा कशाला तरी तिकडं गेलो होतो. वकीलसाहेब अजून तिरकेच बसतात. पक्षकारांनीही आपल्या खुर्च्या तशाच सरकवून घेतल्या आहेत.

*

मग हॉलचं काम आलं.

कसबा बावड्याकडं एक लग्नाचा हॉल आहे. त्याचे कारभारी भूपाल अण्णा. घर जैनांचं, सोवळंओवळं कडक, बोलणं त्याहून कडक. स्टेजच्या मागं सगळी भिंत व्हिनियरच्या फळ्यांची. नवरानवरी बसतात ती तिच्यासमोर. भिंतीला मागून ओल आली होती आणि पापुद्रे पानासारखे लोंबत होते. एवढं मोठं काम आमच्या दुकानानं कधी केलं नव्हतं. दादा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक एक पापुद्रा उचलून बघत गेला. घरी येताना सायकलवर मला म्हणाला, "दत्त्या, हे जमलं तर आपण सुतार."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर पाट-पोळपाट करू."

अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वसंतराव, तो सरस म्हणत्यात तो कशाचा असतोय?"

दादानं खरं ते सांगितलं. कातडं, हाडं, सगळं.

अण्णा दोन पावलं मागं सरले. "छे छे! इथं आमच्या पोरी लग्नाला बसत्यात!"

दादानं एका फळीचा सुटलेला कोपरा उचलला, नखानं खरवडला, नाकाला लावला. आणि तसाच अण्णांकडं बघत राहिला.

"काय झालं?"

"अण्णा, पहिल्यांदा लावलाय तो सरसच हाय."

अण्णा खुर्ची ओढून बसले. "माझ्या तिन्ही पोरींची लग्नं इथंच झाली, वसंतराव."

"सुखात हाईत न्हवं?"

"व्हय, तशा सुखात हाईत."

"मग झालं की."

अण्णा खुर्चीवरून उठले. शेवटी म्हणाले, "हे बघा, काय लावणार ते मला आधी सांगायचं. मग मी हो-न्हाय बोलतो. आणि परत सुटता कामा नये. लग्नसराईला माझी नात बसणार हाय हितं."

*

दादानं घाई केली नाही. दादानं कधीच घाई केली नाही.

त्यानं त्याच फळीचे तीन तुकडे केले. एकावर सरसानं पापुद्रा लावला, एकावर पांढऱ्यानं, एकावर सोल्युशननं. ओल कोण किती सोसतं ते बघायला तिन्ही तुकडे घरी नेऊन मोरीत टांगले. अंघोळ करताना समोर ते तीन तुकडे. हंडा उचलायला गेलं की डोक्याला लागायचे. दादा रोज सकाळी दात घासता घासता त्यांच्या कडा अंगठ्यानं दाबून बघायचा.

वहिनी म्हणाली, "तीन सवती आणून टांगल्यात घरात! आणि रोज उठून आधी त्यांच्याकडंच बघणं!"

दादा म्हणाला, "एक ठेवणार हाय. दोन जातील."

"कुठली ठेवणार?"

"बघू."

बाबालाल कधी नाही ते घरी यायला लागला. वहिनीची विचारपूस करायचा आणि डोळा मोरीकडं! मी माझ्या तुकड्याला ओल लागू नये म्हणून रात्री त्यावर फडकं टाकत होतो, तर बाबालालनं मला पकडलं. "फसवतोस व्हय रे? लाकडाला?"

एक दिवस दादा हॉलवरून आला. पायावर पाणी घेतलं. मोरीत गेला, तिन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात आला, एक एक उलटा करून बघितला. आणि म्हणाला, "ठरलं एकदाचं!"

"काय ठरलं?" मी विचारलं.

"आधी जेवू दे की मला!"

ताट वाढलं. त्याला अन्नाचा वास सोसेना. वहिनीनं कंदील जवळ आणला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

तुकडे अजून घरात आहेत. तिन्ही पापुद्रे आहेत तिथं आहेत. एकही सुटला नाही. मी रोज नखानं ओढून बघतो.

*

दवाखान्यात खाटेशेजारी एक लोखंडी पायांचं लहान कपाट होतं. औषधं ठेवायला. त्याचा वरचा सनमायका कोपऱ्यात उचलला होता. दादाला उठून बसवत नव्हतं, पण झोपल्या झोपल्या त्याचा अंगठा त्या कोपऱ्यावर. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा.

"एकाच बाजूला लावलंय गाढवानं," तो मला म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, ते राहू दे. हॉलला काय लावू?"

"सांगतो. आधी हे नीट कर."

मी तसाच दुकानात गेलो आणि सोल्युशनचा डबा घेऊन आलो. दोन्ही बाजूंना लावलं. वास सगळ्या वॉर्डात पसरला. चार पेशंट खोकायला लागले. सिस्टर आत येताना दिसल्या, तशी मी गडबडीनं सनमायका दाबला आणि सोल्युशननं भरलेला ब्रश कपाटाच्या खणात टाकून खण लोटला.

सोल्युशन माझं आवडतं. त्यानं काम चोख केलं. सिस्टरनी खण ओढला, उघडेना. मी ओढला, कपाटच पुढं आलं. वॉर्डबॉयनं पाय लावून ओढला, मूठ हातात आली.

"अहो, थर्मामीटर आत आहे!" सिस्टर ओरडल्या. "आता ताप कसा बघू मी?"

दादानं डोळे उघडले. "हात लावून बघा की, बाई."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या. दादाही हसला, पोटावर हात धरून. दुखत होतं त्याला, तरी हसला. ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हॉलचं विचारलं. तो माझ्याकडं बघत होता. बोलला नाही. त्यानंतर बोललाच नाही.

*

रक्षाविसर्जनाला नदीवर सगळे होते. गुरुजी होते, मारुती पैलवान होता, भूपाल अण्णा होते. बाबालाल जरा बाजूला, पायरीवर, टोपी काढून परत घालत उभा होता. राख पाण्यात सोडली. घाटावर निवद मांडला. दादाला आवडायचं ते सगळं. झुणका, भाकरी, खर्डा, भजी, कपात चहा. कावळ्यानं निवद शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं समजायचं. म्हणून सगळे लांब उभे राहिलो.

कावळे होते. पिंपळावर बसले होते. एकही खाली येईना.

मामा पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "वसंता, तुझ्या पोराची काळजी करू नगंस! त्याला शिकवतो!" कावळा नाही.

चुलते म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाय!" कावळा नाही.

पैलवान म्हणाला, "भावा, त्या चड्डीचं मी कवाच विसरलोय!" कावळ्यानं मान दुसरीकडं फिरवली.

ऊन चढलं. चहा निवला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मामा म्हणाले, "कसली इच्छा राहिली म्हणायची?"

कसली ते मला ठाऊक होतं. मी पुढं झालो. हात जोडले आणि ओरडलो, "दादा, हॉलला सरस लावू?"

कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी वर बघितलं. अण्णांनी तर सगळ्यांत आधी बघितलं.

कावळा बसून होता.

"पांढरं लावू?"

कावळ्यानं चोच फांदीवर घासली.

"सोल्युशन?"

वरचे दोन कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले. एकच राहिला.

आता माझ्याकडं चौथं नाव नव्हतं. मी तिथंच खाली बसलो. मला रडायला आलं. एवढ्या दिवसांत आलं नव्हतं. तेवढ्यात मागून, पायरीवरून, बाबालालचा आवाज आला.

"आरं दत्तू! त्याचा घोर येगळाच हाय! त्याला सांग, मी हात लावत न्हाय म्हणावं!"

मी डोळे पुसले. उठून उभा राहिलो. म्हटलं, "दादा, हॉलच्या फळ्यांना मी हात लावत न्हाय. बाबालाल लावील, तू..."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा भाकरीवर होता.

लग्नसराईच्या आधी बाबालालनं हॉलचं काम धरलं. मी त्याला रोज सायकलवर डबलसीट घेऊन बावड्याला जात होतो. चिकटवायचा डबा त्याच्या मांडीवर असायचा, फडक्यात गुंडाळलेला. कुठला ते तो सांगायला लागला, तर मी म्हटलं, नको. अण्णांना त्यानं कानात सांगितलं. अण्णा "बरं" म्हणाले. सगळी भिंत होईपर्यंत तो आत असायचा आणि मी बाहेर, पायरीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेलो असायचो.